ऊसतोड टोळीतल्या पोरांना मधेच आपल्या गावच्या शाळेत घालता येतं का?

वाळवेकर
नमस्कार मंडळी. आमचा ऊस तुटायला लागलाय, टोळी बीडकडची आहे, आमच्याच पडीक रानात कोप्या मारून राहिलेत. त्यांच्यात शाळेच्या वयाची पाच-सहा पोरं आहेत. एक पोरगी दहा-अकराची असेल, दिवसभर कडेवर बारका भाऊ घेऊन फिरते नाहीतर आईच्या मागनं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. विचारलं तर म्हणाली गावाकडं पाचवीत आहे, दिवाळीपर्यंत जात होते. झेडपीची शाळा इथनं चालत दहा मिनिटांवर. मुकादमाला म्हणलं घाल की शाळेत, तर तो म्हणतो दाखला गावाकडं, आधार गावाकडं, आणि चार महिन्यांसाठी घेतंय कोण. आई म्हणते बारक्याला कोण बघणार. दोघांचंही खोटं नाही. तर नियम काय आहे, टीसी नसताना घेतात का, आणि मी नक्की काय करायचं? समाजसेवक व्हायची हौस नाही पण रोज डोळ्यासमोर बघून बरं वाटत नाही.

खडू_फळा
घेतात, आणि नाही म्हणायचा अधिकारच नाही शाळेला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाचं पोरगं दारात आलं की घ्यायचं. टीसी यायला उशीर झाला हे कारण चालत नाही (कलम ५), वयाचा पुरावा नाही हे पण कारण चालत नाही (कलम १४), वर्ष अर्धं संपलंय हे तर अजिबात नाही. वर्ग वयाप्रमाणे द्यायचा, म्हणजे पाचवीतल्या पोरीला वाचता येत नाही म्हणून दुसरीत नाही बसवायचं.

दुसरं म्हणजे शिक्षण हमी कार्ड असतं. पोरगं गाव सोडताना तिकडच्या शाळेने ते द्यायचं आणि इकडच्या शाळेने ते बघून घ्यायचं असा प्रकार आहे. आता टोळी रात्रीत ट्रकमध्ये बसून निघते, तेव्हा कार्ड कुठून येणार ते सोडा, पण तिकडच्या मास्तरांचा नंबर पोरीच्या बापाकडे शंभर टक्के असेल. फोन लावा, व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा, मिळाला तर बरंच, नाही मिळाला तरी प्रवेश अडत नाही. मुकादमाला मधे घेऊच नका. तुम्ही आणि पोरीची आई दोघं हेडमास्तरांकडे जा. दुपारची खिचडी पण मिळेल पोरांना, आईला हे आधी सांगा, बाकीचं नंतर.

स्लिपबॉय
मी कारखान्याच्या शेती खात्यात आहे म्हणून सांगतो, वरचे सर म्हणतात ते कायद्याने बरोबर आहे पण तुमची टोळी किती दिवस तिथं आहे ते आधी विचारा. बैलगाडीवाले असतील तर ते कारखान्याच्या तळावरच शक्यतो सगळा सीझन काढतात, तिथं साखरशाळा (टोळीतल्या पोरांसाठी सीझनपुरती शाळा) वगैरे जमून जायच्या. ट्रॅक्टर-ट्रकवाल्या टोळ्यांचं तसं नाही, तुमचा फड (तोडीचं रान) संपला की कोप्या उचलून पुढच्या गावात. मग पोरगं परत नवीन शाळेत, परत पहिल्या बाकापासून सुरुवात, परत मास्तर विचारणार दाखला कुठाय. दोनदा असं झालं की ते पोरगंच म्हणतं नको.

कोयत्याची_लेक
मी स्वतः ऊसतोडीच्या घरातली, पाटोदा तालुका, आता पुण्यात नोकरी करते म्हणून बोलते. सगळे दाखल्यावर बोलायलेत पण पोरीच्या कडेवरचं लेकरू खाली कोण उतरवणार त्यावर कोणीच बोलत नाही! तिची शाळा दाखल्यापायी अडलेली नाहीच मुळी.

नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल (सीझनआधी घेतलेले आगाऊ पैसे) दोघांवर घेतलेली, ती तोडलेल्या टनावर फिटणार. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरेपर्यंत थांबायचं, कधी कधी गाडी रात्रीच येते. आई कोपीवर थांबली तर कोयता अर्धा झाला. मग बारकं कोण सांभाळणार तर थोरली पोरगी. प्रत्येक घरात हाच हिशोब, आई-बापाला शिक्षणाची किंमत कळत नाही वगैरे भाषणं देऊ नका कोणी प्लीज, माझ्या मायला माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

तर वाळवेकर दादा, आधी अंगणवाडी गाठा. तीन वर्षांच्या वरचं लेकरू असेल तर तिथं बसतं, टोळीचं असलं तरी घेतलं पाहिजे. त्याच्याहून बारकं असेल तर टोळीत एखादी म्हातारी आलीय का बघा, तिला चार घरांनी थोडं थोडं धान्य-पैसे दिले तरी ती सगळी बारकी सांभाळते, आमच्याकडे असं व्हायचं.

आणि शाळेत गेल्यावर पोरांना "ए बीडवाले" म्हणून चिडवतात. मास्तरांना सांगून ठेवा, मागं कोपऱ्यात बसवू नका म्हणावं. मी अर्धं वर्ष गावात, अर्धं फडावर अशी शिकले, गणिताच्या पुस्तकाची पुढची अर्धी पानं फाटलेली असायची आणि मागची कोरी करकरीत. दर वर्षी हेच. पोरगी मठ्ठ वाटली तर मठ्ठ नसते ती, तिचं फक्त प्रत्येक इयत्तेचं दुसरं सत्र झालेलं नसतं. पुढं आजीने हट्ट करून मला गावात ठेवून घेतलं तेव्हा गाडी रुळावर आली.

गोदाकाठ
ताईंनी शेवटी लिहिलं तेच खरं औषध, पोरं तिकडंच राहिली पाहिजेत. त्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, गावातल्याच शाळेची व्यवस्थापन समिती चालवते, पोरं आजी-आजोबांकडे झोपतात आणि दोन वेळचं जेवण तिथं. शिवाय संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे २०२१ ची, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात एक मुलांचं एक मुलींचं. घोषणा मोठी आहे, पण आपल्या तालुक्यातलं चालू आहे का आणि जागा आहे का ते समाजकल्याणच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आईबापांना आत्ताच सांगून ठेवा, पुढच्या सीझनला निघायच्या आधी विचारायचं म्हणून. दसऱ्याला ट्रक दारात आल्यावर कोण विचारत बसणार.

वाळवेकर
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. बाजारच्या दिवशी टोळीला सुट्टी होती तेव्हा पोरीच्या आईला घेऊन शाळेत गेलो. हेडमास्तर आधी जरा आधार-आधार करत होते, कायद्याचं कलम सांगितल्यावर हसले आणि म्हणाले पाठवा उद्यापासून. बारका तीन पुरा नाही पण अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या बसवते. पोरगी जायला लागली, सोबत दोन अजून. टोळी इथं फेब्रुवारीपर्यंत तरी आहे.

एकच राहिलं. त्यांच्यात पंधरा-सोळाचा एक पोरगा आहे, सातवीनंतर सुटली शाळा, बापाबरोबर तोडतो. त्याचं काही होईल का?

खडू_फळा
त्याचं अवघड आहे, कायदा १४ ला संपतो. अर्धा कोयता म्हणून त्याच्या नावावर उचल घेतली असेल तर बाप या सीझनला सोडणारच नाही. पण दहावीला बाहेरून बसता येतं, १७ नंबरचा फॉर्म. पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो, सातवी झालीय म्हणजे बसतं त्यात. फॉर्म पावसाळ्यात सुटतात, तेव्हा तो गावाकडंच असणार, म्हणजे भरायला अडचण नाही. परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, ऐन तोडीच्या वेळी, त्याचं काय ते बापाशी आत्ताच बोला.

कोयत्याची_लेक
त्याचा नंबर असेल तर मला मेसेज करा दादा, पुस्तकं मी पाठवते. आणि बापाशी मीच बोलते, आमच्याकडच्या माणसाचं ऐकतील.