रावेरहून बंदूक बऱ्हाणपूरला न्यायची आहे

प्रश्न : बारा बोअरची परवान्याची बंदूक दुरुस्तीला न्यायची आहे. मध्य प्रदेशात कायदा वेगळा आहे का?

उत्तर : भाऊ, शस्त्र अधिनियम १९५९ चा, साऱ्या देशाला एकच. फरक पडतो तो परवान्यावरच्या क्षेत्राने. तिथे फक्त जळगाव जिल्हा किंवा महाराष्ट्र लिहिलं असेल, तर हद्द ओलांडली की परवाना असून नसल्यासारखा. जिल्हाधिकारी कार्यालयात क्षेत्रवाढीचा अर्ज करा. पोलीस अहवाल मागवतात, म्हणून वेळ हातात ठेवून.

उत्तर : मूळ परवाना जवळ ठेवा, झेरॉक्सवर भागत नाही. मुदत आणि यूआयएन (परवान्यावरचा विशिष्ट ओळख क्रमांक) पाहून घ्या. नळीजवळचा नंबर परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. गंजाने ३ चा ८ दिसतो आणि नाक्यावर तासभर जातो. सातपुड्याकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांमुळे तपासणी कडकच असते. बंदूक रिकामी, खोळीत. आणि दुरुस्तीला काडतुसं कशाला? घरी कुलपात ठेवा.

उत्तर : दुसऱ्याच्या हाती पाठवायची तर कलम ३ प्रमाणे तुमचं लेखी अधिकारपत्र लागेल. क्षेत्राची अट तरीही सुटत नाही. आचारसंहिता मात्र दोन्ही राज्यांची पाहा, शस्त्र जमा करण्याचे आदेश तेव्हा निघतात.