युद्ध झालं की लोकशाही नकोशी होते? कोणाला?

बिनपाण्याचा
काल इथे एकाने ठोकून दिलं: 'घरावर बॉम्ब पडला की लोकशाहीचं भूत उतरतं. युक्रेन बघा, निवडणुका नाहीत आणि कोणाची हूं की चूं नाही.' खाली लाइकची रांग. म्हणून हा धागा.

हूं की चूं नाही? २२ जुलै २०२५ ला झेलेन्स्कींनी भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांचे पंख छाटणाऱ्या कायद्यावर सही केली. त्याच संध्याकाळी कीव्हमध्ये तरुण पोरं पुठ्ठ्यांवर घोषणा लिहून रस्त्यावर आली. मार्शल लॉ चालू, रात्री संचारबंदी, वर ड्रोन. ३१ जुलैला संसदेने ३३१ मतांनी त्या संस्थांना स्वायत्तता परत दिली. यातली बरीचशी पोरं रशियाविरुद्ध झेलेन्स्कींच्याच बाजूची. लढाईत तुमच्यामागे उभे आहोत, पण हिशोब सोडणार नाही, असा मामला.

निवडणुका नाहीत, कारण मार्शल लॉ असताना त्या घ्यायला तिथला कायदाच मनाई करतो. लाखो लोक देशाबाहेर, लाखो सैन्यात. खंदकातल्याने मतदान कुठे करायचं?

दादरकर_७२
एक मोर्चा निघाला की लगेच आरती ओवाळायची. मार्च २०२२ मध्ये ११ पक्षांचं काम थांबवलं, मोठ्या वाहिन्यांवर बातम्यांचा एकच सामायिक कार्यक्रम, आणि रस्त्यात पुरुष धरून गाडीत कोंबून भरतीला नेल्याचे व्हिडिओ. जनता हे सगळं चालवून घेतेच ना? सवय अशीच लागते.

बिनपाण्याचा
त्या ११ पक्षांवर रशियाशी लागेबांधे असल्याचा ठपका होता, ते सोयीस्कर गाळलंत. सक्तीच्या भरतीबद्दल मात्र तुमचं बरोबर. ती चीड तिथेही आहे.

डॉक्टरीणबाई
मी २०२२ पर्यंत युक्रेनमधल्या विनित्सियाला एमबीबीएस करत होते. घरमालकीण पूर्वेकडच्या दोनेत्स्कची, २०१४ मध्ये तिकडे लढाई पेटली तेव्हा दोन बॅगा घेऊन आलेली. तिथलं विद्यापीठसुद्धा तेव्हा विनित्सियाला हललं. बाई कर भरायची, पण कागदावर पत्ता दोनेत्स्कचा, म्हणून विनित्सियाच्या महापौरासाठी मत नाही! तिच्यासारख्यांना स्थानिक निवडणुकीत मत मिळालं ते नव्या निवडणूक संहितेमुळे, २०२० मध्ये. त्या ऑक्टोबरात ती नटूनथटून मतदानाला गेली. विस्थापितांना लोकशाही नको असते म्हणणाऱ्यांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून दाखवावं.

दादरकर_७२
एक बाई म्हणजे देश नव्हे, ताई.

डॉक्टरीणबाई
एक व्हिडिओ म्हणजे तरी कुठे देश, काका?

कॅम्प_नंबर_तीन
उल्हासनगरचा सिंधी बोलतोय. आमची आजी फाळणीनंतर कराचीहून बोटीने आली, लष्कराच्या रिकाम्या बराकीत संसार मांडला. १९५२ पासून एकही मतदान चुकवलं नाही. आजोबाही तिच्याबरोबर जायचे, पण येताना दर वेळी म्हणायचे, 'या देशाला वीस वर्षं मिलिटरी हवी.' एकाच बराकीत दोन्ही. म्हणून बिनपाण्याचा आणि दादरकर, तुम्हा दोघांचंही पूर्ण पटलं नाही मला.

कोयनाकाठचा
युद्धच कशाला पाहिजे? आमचं गाव धरणाखाली गेलं, भाऊबंद कोणी सोलापूरला, कोणी रायगडला. दर निवडणुकीत 'पुनर्वसन मार्गी लावू'. आम्हाला लोकशाही हवी की नको, हे विचारायला कोणी येतं का?

पेठेतला
खरा विनोद सांगू? युक्रेनात निवडणुका का नाहीत, तर युद्ध. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. इथे कोणतं क्षेपणास्त्र पडलं होतं?

दादरकर_७२
कोर्टात प्रकरण होतं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना. माहिती घेऊन बोला.

पेठेतला
माहिती आहे हो. कोर्टाने लोकांना रस्त्यावर यायला बंदी घातली नव्हती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या काळात सगळ्यात मोठं भांडण पार्किंगचं झालं.

मावशी_ठाणे
खोटं नाही. उलट नगरसेवक नसताना आमच्याकडचं गटार पहिल्यांदा वेळेत साफ झालं. मग मी का मोर्चा काढू?

बिनपाण्याचा
मावशी, दंडुकेवाला हवा असायला बॉम्ब लागत नाही, गटार पुरतं!

मावशी_ठाणे
मला शिकवू नका. डास तुमच्या घरात नव्हते. तुमच्या कीव्हच्या पोरांना जाऊन सांगा.

पेठेतला
आमच्याकडे तर प्रशासक असूनही गटार तुंबलेलंच होतं. तुमचा वॉर्ड कोणता, तिथे राहायला येतो.

दादरकर_७२
धागा युक्रेनचा होता, गटारात गेला. असो. जुलैच्या मोर्चाचं मान्य, सरकारला मागे हटावं लागलं. उद्या शस्त्रसंधी झाली आणि निवडणूक लांबली, तर मात्र इथेच टॅग करीन.

बिनपाण्याचा
करा. आणि झाली तर मी तुम्हाला करतो.

मावशी_ठाणे
पार्किंगच्या भांडणात शेवटी जिंकलं कोण?