दीड महिना मूड ॲपमध्ये नुसतं 'ठीक' भरतेय, डिलीट मारू का?

कासारवडवलीकर
लोकहो सल्ला हवाय. दीड महिन्यापासून मूड ट्रॅकिंगचं ॲप वापरतेय, रोज रात्री साडेनऊला नोटिफिकेशन येतं, पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा. ऑफिस ऐरोलीला, म्हणजे ट्रान्सहार्बर लोकल, मग ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची लाईन, मग घोडबंदर, घरी पोचेपर्यंत माणसात राहिलेली नसते, त्यात कढईत फोडणी तडतडतेय आणि फोन विचारतो कसं वाटतंय, मी मधला चेहरा दाबते आणि सुटते. काल ग्राफ बघितला तर आडवी रेघ, आयसीयूत पेशंट गेल्यावर दिसते ना तश्शी. पण याच दीड महिन्यात मी दोनदा ऑफिसच्या वॉशरूममध्ये रडलेय आणि एकदा सोसायटीच्या वॉचमनवर उगाच खेकसलेय, त्याचा कुठे पत्ताच नाही. आई म्हणते तुला ठाण्याला दाखवायला पाहिजे, म्हटलं अगं आपण ठाण्यातच राहतो. कोणाला खरंच उपयोग झालाय का?

वाशीवाला_१७
साडेनऊला विचारलं तर थकवाच मोजला जाणार ना! वेळ बदल. मी दिवसातून तीनदा लावलंय आणि मुद्दाम आडनिड्या वेळेला, एकदा लंचच्या आधी, एकदा चारच्या सुमारास, एकदा ट्रेनमध्ये. रात्री आठवून भरलं की जे शेवटी घडलं तेच दिवसभर होतं असं वाटतं.

घणसोलीची मनू
ताई, मी काउन्सेलिंगचा कोर्स केलाय, डॉक्टर नाही, आधीच सांगते. पाच चेहऱ्यांत फक्त चांगलं-वाईट कळतं. 'हाऊ वी फील' नावाचं ॲप बघ, फुकट आहे, येल युनिव्हर्सिटीच्या इमोशनल इंटेलिजन्स सेंटरच्या लोकांबरोबर बनवलंय. त्यात चार रंग, अंगात जोर आहे की नाही आणि छान वाटतंय की नाही यावरून. लाल म्हणजे जोर आहे पण वाईट वाटतंय, निळा म्हणजे वाईटही वाटतंय आणि जोरही नाही. रंग निवडला की आत नेमके शब्द येतात, पण ते इंग्लिश, म्हणून मी नोटमध्ये आपला शब्द टाकते. चिडचीड वेगळी, वैताग वेगळा. रुखरुख मागच्या गोष्टीची असते, धाकधूक पुढच्या. २००७ मध्ये लीबरमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि टीमने ब्रेन स्कॅन करून दाखवलं होतं की चेहऱ्याच्या फोटोवरची भावना शब्दात सांगायला लावली की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे भीती-धोक्याला दाद देणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते. म्हणजे शब्द सापडला की दुःख पळालं असं नाही हां. आणि रडणं वाढलं, झोप उडाली, दोन आठवडे तसंच राहिलं तर ॲपबिप सोड, टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात.

कोपरीचे काका
हे सगळं ठीक पण तुम्ही कधी रडलात ते त्या कंपनीला कशाला कळायला हवं? आधी सेटिंगमध्ये बघा डेटा फोनमध्येच राहतो की वर जातो. माझी दोनशे पानी वही आहे, चार्ज करावी लागत नाही.

कासारवडवलीकर
बारा दिवसांनी अपडेट देतेय. काका वही नाही जमली, लोकलमध्ये एका हाताने दांडी धरलेली असते. वेळा बदलल्या आणि मनू म्हणाली तसे शब्द लिहिले. मला वाटत होतं ऑफिसचा वैताग आहे, पण सकाळी तर चक्क मजेत असते, चार वाजले की 'धाकधूक', पाचला 'धाकधूक', कापूरबावडीच्या सिग्नलला 'जीव वरखाली'. शनिवार-रविवारी नावालाही नाही. लेकीचं पाळणाघर सातला बंद होतं, सगळं त्या सातवर अडकलेलं! वॉचमनवर ओरडले तेव्हाही सात वाजून दहा मिनिटं झालेली आणि त्याने रिक्षा गेटवर अडवली होती. पाळणाघरवाल्या काकूंशी बोलले, साडेसातपर्यंत ठेवतो म्हणाल्या, महिना पाचशे जास्त. इतके महिने विचारलंच नव्हतं.

कोपरीचे काका
वॉचमनला सॉरी म्हणालात का?

कासारवडवलीकर
अजून नाही काका. मला लांबून बघितलं की तो हल्ली आधीच गेट उघडून ठेवतो.