स्वित्झर्लंडमंदी डोंगरावरच्या हटपर्यंत चढायचं हाय, आपल्याकडच्या माणसाले जमते का?

संत्रेवाला_वरुड
राम राम मंडळी. माहा साळा बर्नले नोकरीले हाय, औंदा ऑगस्टमंदी आमाले दोघाले बोलावून रायला. तिकीट झालं, व्हिसाचं चालू हाय. आता पठ्ठ्यानं प्लॅन काढला का कांडरस्टेगवरून ओशिनेनच्या तळ्यावर जायचं आन् तिथून ब्ल्युमलिसआल्प नावाच्या हटवर (म्हंजे डोंगरावरचं मुक्कामाचं घर) चढून रात्री तिथंच मुक्काम. हट २८४० मीटरवर हाय म्हणते. फोटो पाठवले त्यात एकीकडे बर्फ आन् एकीकडे दरी, ते पाहून घरची म्हणे तुमी जा, मी तळ्यावर बसते.
मी काई पयलवान नाई पण वावरात दिवसभर पाय चालतेच, नागद्वारची यात्रा केलेली हाय, चौरागडही चढलो. तेवढ्यावर भागते का? बूट कोणते घेऊ? आन् आमी माळकरी, वरतं जेवाले काय भेटते?

मेळघाटी_पाय
भाऊ नागद्वार करणाऱ्याले दम कमी पडत नाई, बिनधास्त जा. काठ्या बिठ्या घेऊ नका, उगाच वझं.

झुरिक_ते_अकोट
काठ्यांबद्दल वरच्या भाऊंचं अजिबात ऐकू नका. मी नोकरीनिमित्त काही वर्ष तिकडं होतो, ही वाट केलेली आहे. तळं १५७८ मीटरवर आणि हट २८४० वर, म्हणजे आपलं चिखलदरा समुद्रसपाटीपासून जेवढं उंच आहे त्याहून जास्त चढण अर्ध्या दिवसात चढायची आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच उतरायची, आणि खरी वाट लागते ती उतरताना, गुडघ्यांची. चढताना दम लागला तर बसता येतं, उतरताना थकलेला पाय खडीवर घसरला की बसायला वेळ मिळत नाही. दोन काठ्या घ्याच.

दुसरं, तिकडच्या पाट्या समजून घ्या. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पाय पक्का पाहिजे आणि दरी पाहून गरगरायला नको. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर तो अल्पाइन रस्ता, तिथं दोर, बर्फाची कुऱ्हाड असलं सामान लागू शकतं, तुम्ही तिकडं वळायचं नाही. तुमची वाट लाल पट्ट्याची आहे. स्विस अल्पाइन क्लबची टी१ (सगळ्यात सोपी) ते टी६ (सगळ्यात अवघड) अशी प्रतवारी असते, ही टी३ मध्ये येते. पाटीवर जे तास लिहिलेत त्यात थांबणं, फोटो, पाणी पिणं काही धरलेलं नसतं, आपण त्यात निदान तास-दीड तास वाढवायचा. तळ्यापासून वर साधारण चार तासांची चाल आहे.

शेवटचा टप्पा हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या बांधावरून जातो, तिथं सावली नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यात दुपारून ढग चढतात आणि गडगडायला लागतं, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारच्या आत हटवर पोचायचं. काळं दिसलं तर साळे कितीही म्हणाले "होते ना भाऊजी" तरी खाली वळायचं. ऑगस्टातही त्या उंचीवर बर्फ पडू शकतो, रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. आपल्याकडं ४५ डिग्रीत राबणाऱ्याला हे पटत नाही, पण टोपी-हातमोजे पिशवीत पाहिजेतच.

मेळघाटी_पाय
बरं बाप्पा, काठ्या घ्या मंग 😄 पण चौरागडावर हजाराच्या वर पायऱ्या उतरलोच ना आपण बिनाकाठीच्या.

झुरिक_ते_अकोट
पायरी बांधलेली असते हो, खडी पायाखालून सरकते. हाच तर फरक.

दवाखान्यातली_ताई
संत्रेवाले दादा, २५०० मीटरच्या वर काही जणांना डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं असं होतं, आणि ते तब्येत दणकट असली तरी होऊ शकतं. बर्नवरून एकदम चढण्यापेक्षा आदल्या रात्री कांडरस्टेगला मुक्काम करा, ते साधारण १२०० मीटरवर आहे. पाणी पीत राहा. डोकं दुखणं वाढतच गेलं तर उपाय एकच, खाली उतरणं. बीपीची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, इथं कोणाला नका विचारू.
आणि व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा विमा काढाल त्यात डोंगरातली सुटका आणि हेलिकॉप्टर धरलंय का ते बारीक अक्षर वाचून पाहा, बऱ्याच पॉलिसीत एका उंचीच्या वर चालणंच वगळलेलं असतं. तिकडं रेगाचा, म्हणजे हेलिकॉप्टरनं सुटका करणाऱ्या संस्थेचा, नंबर १४१४, नाहीतर ११२. रेंज नसली तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

संत्रेवाला_वरुड
एवढं तर साळ्यानं बी नाई सांगतलं. विमा काढणाऱ्याले आजच फोन करतो. जेवाचं सांगा ना कोणी.

झुरिक_ते_अकोट
हटवर जागा आधी बुक करावी लागते, तेव्हाच शाकाहारी म्हणून लिहा. संध्याकाळी सगळ्यांना एकदमच वाढतात, सूप, मग मुख्य जेवण, मग काहीतरी गोड. पण अंडं तिकडं शाकाहारीतच मोजतात, तुम्ही माळकरी म्हणून तेही वेगळं लिहा. सामान बहुतेक हटांवर हेलिकॉप्टरनं येतं म्हणून पाण्याची बाटलीसुद्धा महाग वाटेल, कुरकुर करू नका. नळाचं पाणी प्यायचं आहे का ते आधी विचारा. रोख फ्रँक जवळ ठेवा. झोपायला लांब बाकांवर ओळीनं गाद्या, रजई मिळते, आतली चादरीची पिशवी आपली न्यायची. बूट बाहेरच काढायचे, आत चपला ते देतात. रात्री दहाला सामसूम. कचरा आपला आपण खाली आणायचा.

ठेसाप्रेमी
दादा शेंगदाण्याची चटणी आन् दशम्या नेजा, वाटेत बसून खाले कोणाच्या बापाची परवानगी लागत नाई.

मेळघाटी_पाय
सराव कराचा असन तर आतापासून पहाटे सालबर्डीले नाईतर गाविलगडाले जात जा, पाठीवर सात-आठ किलोचं वझं घेऊन, आन् बूट नवे असतील तर तेच घालून. घोट्याच्या वर येनारे, तळ खरबडीत असलेले घ्या. विमानात नवे कोरे बूट घेऊन गेले का फोड ठरलेलेच.

संत्रेवाला_वरुड
चालते. आन् घरचीचं काय करू? दिवसभर तळ्यावर एकटीच बसन का ते?

दवाखान्यातली_ताई
त्यांना का बसवता? कांडरस्टेगवरून गोंडोला (दोरावरून जाणारी पाळणागाडी) आहे, वरच्या स्टेशनवरून हॉयबेर्गच्या बाजूनं ओबरबेर्गलीपर्यंत वाट जाते, खाली निळं तळं पूर्ण दिसतं. तुमचीही वाट ओबरबेर्गलीवरूनच वर जाते, तिथपर्यंत सगळे सोबत जा. मग जमलं तर त्या वर येतील, नाहीतर तुमच्या साळ्याची बायको असेल तर दोघी मिळून परततील. फक्त तळ्याच्या वरचा स्पित्झे श्टाय नावाचा कडा सरकतो आहे, त्यामुळं आसपासच्या काही वाटा बंद ठेवतात. त्या दिवशी कोणती चालू आहे ते स्टेशनवर विचारा, आणि गोंडोल्याची शेवटची फेरी किती वाजता आहे तेही.