जगभरच्या मुलांना एकच वजनतक्ता?

तिरपागडा: जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचा एक तक्ता काढला आणि आता तोच बऱ्याच देशांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांना लावतात. मला हे पटत नाही. भारतात बालमृत्यू आफ्रिकेतल्या कितीतरी देशांपेक्षा कमी, तरी कमी वजनाची मुलं जास्त. उपाशी मुलंच जास्त जगतात की काय? अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ मध्ये हेच विचारलं होतं. मुलं अंगानेच लहानखुरी असतील, तर कुपोषित कशाला म्हणायचं?

शेवंता: तक्ता गोऱ्या मुलांवरून बेतलाय असं वाटतंय का? नॉर्वे-अमेरिकेबरोबर ब्राझील, घाना, ओमान आणि आपल्या दिल्लीचीही मुलं होती त्यात. सगळी आईच्या दुधावरची, खाऊनपिऊन सुखी घरांतली. त्यांच्या उंचीत देशादेशांत फरक अगदी किरकोळ निघाला. आणि ब्राझील बघा. १९७४-७५ मध्ये ३७ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी, २००६-०७ मध्ये ७ टक्के. एवढ्यात जनुकं बदलली? आया शिकल्या, गरिबाच्या हातात पैसा आला, दवाखाने आणि गटारं झाली.

तिरपागडा: मान्य. पण आजी लहानखुरी, आई लहानखुरी, तर नातवंड एका झटक्यात तक्त्यावर कसं येईल?

शेवंता: आई तशी का राहिली तेही विचारा की! वैद्यकीय संशोधक रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याच कोड्यावर लिहिताना बोट बाईच्या हलाखीकडे दाखवलं होतं. ती अर्धपोटी, म्हणून मूल जन्मतःच हलकं. याला अंगकाठी म्हणू नका.

काटेकोर: धागा वजनाचा आणि भांडण उंचीचं! भारताच्या २०१९-२१ च्या पाहणीत खुजी ३५.५ टक्के, उंचीच्या मानाने रोड १९.३, वयाच्या मानाने कमी वजनाची ३२.१. या तिसऱ्या आकड्यात पहिल्या दोन्हींची खिचडी आहे. मी वजनं घेतली आहेत. झोळीत पोर लाथा झाडतं, काटा थरथरतो, आई घाबरून हात लावते (की वजन लगेच चुकलं!). तक्त्यावरचा वजनाचा ठिपका रेषेखाली गेला तरी मूल आजारपणाने आत्ता खंगलंय की आधीपासूनच खुंटलंय, ते कळत नाही. पट्टीने मोजलेला दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या आत आला, की मात्र मूल अतितीव्र कुपोषित आहे यावर कोणी वाद घालत बसत नाही.

तिरपागडा: मग वजन घेणंच बंद करा!

काटेकोर: का म्हणून? लहानग्याची उंची घ्यायला फळी आणि दोन माणसं लागतात, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे. वजन दर महिन्याला घेता येतं. फक्त त्यावरून देशांचे नंबर लावू नका. मी तर आधी मागच्या महिन्याचा ठिपका बघते.