मदत हवी आहे : चिऱ्याचे जुने घर वडिलांच्या चालण्याला आणि आईच्या दम्याला सोसेल असे कसे करावे?

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात मृगाच्या आत काही कामे उरकायची आहेत. त्यांतली कोणती आधी करावीत आणि कोणती मुळीच करू नयेत, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. घर जवळपास ७० वर्षांचे आहे : पुढे पडवी, मग ओटी, मधे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागे न्हाणी. भिंती जांभ्याच्या, वर कौले. अप्पा ७९ वर्षांचे आणि आई ७३ वर्षांची आहे. मी ठाण्याला राहते आणि महिन्यातून एक फेरी मारते. दोघांनाही ठाण्याला यायचे नाही, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या नोव्हेंबरात अप्पा रात्री न्हाणीत जाताना पडले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, आता ते वॉकर घेऊन चालतात. पडले ती जागा मी नंतर टेप लावून मोजली. स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्यामध्ये चार इंचांचा उंबरा आहे आणि न्हाणीची जमीन आतल्या जमिनीपेक्षा सात इंच खाली आहे, म्हणजे उंबऱ्यावरून टाकलेला पाय एकदम अकरा इंच खाली जातो. दिव्याचे बटण न्हाणीच्या आत, उजव्या हाताला आहे, त्यामुळे उतरल्याशिवाय उजेड पडत नाही. इतकी वर्षे घरातले सगळेच अंधारात उतरून दिवा लावत आलो आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही.

दुसरी अडचण ओलीची. पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून आजोबा पावसाळ्यात बाहेरून माडाच्या झापांचा आडोसा बांधत असत. बारा वर्षांपूर्वी आम्ही त्या भिंतीला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा केला, आतून ऑइलपेंट दिला आणि आता झापांची कटकट संपली म्हणून खूश झालो. तेव्हापासून जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंगाला फुगे येतात, लोणा झडतो आणि कपाट पुढे ओढले की मागे काळी बुरशी दिसते. आईला दमा आहे आणि जुलै ते सप्टेंबर तिचा त्रास हटकून वाढतो. बुरशीने दमा उसळू शकतो असे डॉक्टरांनीही सांगितले आहे.

तिसरी गोष्ट तितकी ढोबळ नाही. अप्पांची खाट माजघरात आहे आणि तेथे दिवसाही दिवा लावावा लागतो. परिणामी ते दिवसभर पेंगतात आणि रात्री टक्क जागे असतात.

कंत्राटदाराने घरभर चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या, ओलीच्या भिंतीवर वॉटरप्रूफ रसायन आणि पुट्टी, कौलांखाली पीओपीचे छत आणि माजघराला एसी असा साडेचार लाखांचा अंदाज दिला आहे. आमची तयारी दोन लाखांची आहे. यातले नेमके काय घ्यावे? शिवाय उंबरा काढण्याला आईचा विरोध आहे. पावसात विंचू आणि गोमा त्याच्यामुळेच आत येत नाहीत, असे तिचे म्हणणे आहे आणि ते अगदीच खोटे नाही.

प्रतिसाद : पागोळी

सिंधुदुर्गात गेली २० वर्षे घरांची कामे करतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे. सर्वांत आधी न्हाणी घ्या, कारण एकदा पडलेला माणूस पुन्हा पडण्याचा धोका मोठा असतो. जमीन भराव घालून स्वयंपाकघराच्या पातळीला आणा, उतार फुटाला पाव इंच ठेवा आणि दाराशी उंबऱ्याऐवजी आडवी पन्हळ काढून तिच्यावर जाळी बसवा, म्हणजे पाणीही आत येणार नाही आणि वॉकरही अडणार नाही. त्या जाळीची भोके बारीक असावीत, म्हणजे आईंच्या विंचवाचीही सोय झाली. पुढच्या दाराचा उंबरा राहू द्या. अप्पा तेथून रात्री एकटे जात नाहीत, त्यामुळे त्याला दोन्ही अंगांनी लाकडी उतरण पुरेल. मात्र उतरण एका इंचाला एक फूट या हिशेबाने लांब करा, कारण चढ त्याहून तीव्र झाला की वॉकर रेटत नाही.

दिव्याचे बटण बाहेर घ्या, आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत गुडघ्याच्या उंचीवर चार्जिंगचे, चाहूल लागताच पेटणारे दिवे लावा, कारण आपल्याकडे पावसात वीज नेमकी हवी तेव्हाच जाते.

भिंतीच्या बाबतीत तुमच्या आजोबांचेच बरोबर होते. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पायातून आणि झडीतून पाणी ओढतो आणि उघडा असेल तर कोरड्या महिन्यांत ते हवेत सोडून देतो. सिमेंट आणि ऑइलपेंटने दोन्ही तोंडे बंद केल्यावर आत शिरलेले पाणी कोंडले जाते, वर चढते आणि वाळताना सोबतचे क्षार पृष्ठभागावर सोडते, तोच तुमचा लोणा. त्यावर आणखी रसायन थापले तर ओल तीन फुटांची पाच फूट होईल. आताच गिलावा खरवडून भिंत एप्रिलअखेरपर्यंत उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेती करा. बाहेरून आडोसा पुन्हा बांधा किंवा पागोळ्या भिंतीपासून तीन फूट दूर पडतील इतके छप्पर पुढे काढा. कपाट भिंतीपासून चार बोटे सुटे ठेवा.

एक गैरसमज दूर करतो. खिडक्या उघडल्या की ओल जाते, हे दिवाळीनंतर खरे आहे. जुलैत बाहेरच्या हवेची आर्द्रताच ९० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ती आत घेऊन काही वाळत नाही. बुरशी आवरायला आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली हवी. त्यासाठी आईंच्या झोपायच्या एका खोलीपुरते हवा कोरडी करणारे यंत्र घ्या आणि ते चालू असताना खिडक्या बंद ठेवा. पीओपीचे छत मात्र नको, कौलांतून वर निघून जाणारी गरम हवा त्याने अडेल आणि गळती दिसेपर्यंत रीप कुजलेली असेल.

चकचकीत लाद्याही नकोत. दमट हवेत त्यांना घाम सुटतो. माजघरातला कोबा शाबूत असेल तर त्याला हात लावू नका, न्हाणीत तेवढ्या लहान आकाराच्या खरखरीत लाद्या घाला.

प्रतिसाद : मागीलदार

माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही एक चूक केली, ती सांगते. न्हाणीत स्टीलचा दांडा नेहमीच्या प्लगने चिऱ्यात बसवला आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात दांडा आणि भिंतीत भगदाड राहिले. जांभा मऊ असतो, म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टी लावून आवळा. दांडा दीड इंच जाड असावा आणि भिंत व दांडा यांच्यामध्ये मूठ शिरेल इतकी जागा ठेवा.

खाट माजघरातून हलवाच. रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा 'सायन्स'मधला अभ्यास इमारतींचे नकाशे करणारे लोक अजून सांगतात : पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तुमच्याकडे तर पडवी आहे. सकाळचे दोन तास अप्पांना तेथे बसवा. सावलीतही तेथे हजारो लक्स उजेड असतो, माजघरात शंभरही नसेल, आणि झोपेचे घड्याळ त्या उजेडावरच लागते. वाटेने जाणारे चार लोक हाक मारतील, ते वेगळेच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पडवी पूर्वेला आहे, त्यामुळे खाट ओटीच्या पडवीकडच्या कोपऱ्यात हलवत आहोत आणि माजघरावर काचेची चार कौले बसवत आहोत. जाळीची भोके किती बारीक, हे आईने दोनदा विचारून घेतले आणि मगच होकार दिला. एसी, लाद्या आणि छत वगळल्यावर कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले आहे, म्हणून गावातल्याच गवंड्याला बोलावले. भिंत खरवडायला तो सोमवारी येतो आहे, पण चुन्याचे काम त्याने कधी केलेले नाही. राजापूर, लांजा किंवा खारेपाटणच्या बाजूला चुना मळून गिलावा करणारे कोणी अजून आहे का, हे कृपया कळवावे.