मदत हवी आहे: फ्रेंडशिप ब्रेसलेटच्या गाठी येतात, पण पॅटर्नचं चित्र वाचता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

भरतकामाच्या दोऱ्याच्या गाठी मारून जी फ्रेंडशिप ब्रेसलेट करतात ती इथे कुणी नीट शिकलंय का? मला आणि माझ्या भाचीला मदत हवीये. भाची सातवीत आहे, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेली आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे असतो त्याच्या आत हिला स्वतःच्या हाताने केलेलं ब्रेसलेट कुरियरने पाठवायचंय. दुकानातली साटीनची पट्टी नाहीतर रबरी बँड अजिबात नको म्हणते, आणि मला तिचं हे म्हणणं फार आवडलंय, म्हणून मीही तिच्याबरोबर शिकायला बसलेय.

आत्ता आम्हाला काय येतं ते सांगते. व्हिडिओ बघून तिरप्या पट्ट्यांचं कँडी स्ट्राइप आणि व्हीच्या आकाराचं शेवरॉन ही दोन्ही जमतात, म्हणजे सगळ्यात डावीकडचा दोरा घ्यायचा, शेजारच्यावर दोनदा गाठ मारायची, मग त्याच्या पुढच्यावर, असं करत करत तो उजव्या टोकाला न्यायचा आणि परत डावीकडून नवा दोरा. हे पाठ झालंय. पण भाचीला चौकटीचौकटीचं म्हणजे डायमंडचं डिझाइन हवंय आणि त्याचं नेटवर नुसतं चित्र मिळतं, वर रंगीत रेघा, खाली गोल गोल, प्रत्येक गोलात बाण. काही बाण सरळ तिरपे आहेत, काही मध्येच वाकलेत. आणि पहिल्या ओळीत चार गोल तर दुसऱ्या ओळीत तीनच, मग उरलेल्या दोऱ्यांचं काय करायचं? आम्ही जे पाठ केलंय त्यात ओळ वगैरे काही नव्हतंच, एक दोरा धरायचा आणि पार शेवटपर्यंत न्यायचा एवढंच होतं.

दुसरं म्हणजे निळ्याने गाठ मारतोय तरी मधूनच गाठ पिवळी दिसते, असं का होतं? आणि पट्टी स्वतःभोवती पिळतेय ती सरळ कशी करायची?

आणि खरी इच्छा पुढे आहे, तिला त्यावर मराठीत अक्षरं हवीयेत. "सखी" एवढंच. इंग्रजी अक्षरांचे तयार नमुने ढिगाने आहेत, देवनागरीचे मला मिळाले नाहीत. कुणी केलंय का?

दोरा अँकरचा घेतलाय, सहा पदरी असतो तो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, मी सगळं वाचून तिला समजावणार आहे.

प्रतिसाद

ताई, तुम्हाला अर्ध्याहून जास्त येतंय, चित्र वाचणं फक्त बाकी आहे. एकेक सांगतो.

गाठी सगळ्या मिळून चारच, आणि प्रत्येक गाठ म्हणजे दोन अर्ध्या गाठी. कुठलीही गाठ दोन शेजारच्या दोऱ्यांत होते, एक बांधतो, दुसरा नुसता ताणून धरायचा. आता बाण बघताना दोनच गोष्टी बघा. बाण सुरू कुठून होतो, तर तो दोरा बांधणारा. बाण संपतो कुठे, तर गाठ झाल्यावर तो दोरा त्या बाजूला गेलेला असला पाहिजे. बास, एवढ्यावर चारही गाठी कळतात.

वर डावीकडून निघून खाली उजवीकडे जाणारा सरळ बाण म्हणजे फॉरवर्ड गाठ, तुम्ही कँडी स्ट्राइपला मारता तीच. डावा दोरा उजव्यावरून आडवा नेला की इंग्रजीतल्या चारसारखा आकार होतो, मग त्याचं टोक उजव्याच्या खालून घालून त्या चारच्या पोटातून बाहेर काढायचं, वर ओढायचं, आणि हेच परत एकदा. दोन्ही दोऱ्यांच्या जागा बदलतात. वर उजवीकडून निघून खाली डावीकडे जाणारा बाण म्हणजे बॅकवर्ड, सगळं आरशातल्यासारखं उलटं, चारसुद्धा उलटा.

वाकलेला बाण बघून घाबरू नका. डावीकडून निघाला, उजवीकडे गेला आणि वळून खाली परत डावीकडे आला, म्हणजे डाव्या दोऱ्याने पहिली अर्धी गाठ फॉरवर्ड मारायची, आता तो उजवीकडे गेलाय, तिथून त्यानेच दुसरी अर्धी बॅकवर्ड मारायची की तो घरी परत. रंग डाव्याचा दिसला पण जागा बदलल्या नाहीत. उजवीकडून निघून उजवीकडेच परतणारा बाण म्हणजे याचंच उलट. डायमंडमध्ये कोपरे वळतात ते या वाकड्या गाठींमुळेच, नाहीतर रंग नुसते सरळ तिरपे चालत राहिले असते.

गोलाचा रंग म्हणजे बांधणाऱ्या दोऱ्याचा रंग, हे तर लक्षात आलंच असेल.

आता ओळी. तुमच्याकडे आठ दोरे आहेत असं धरू. पहिल्या ओळीत एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ अशा जोड्या, म्हणून चार गाठी. दुसऱ्या ओळीत कडेचे पहिला आणि आठवा नुसते सोडून द्यायचे, दोन-तीन, चार-पाच, सहा-सात, म्हणून तीन. तिसरीत परत चार. कडेचे सोडलेले दोरे तसेच खाली लोंबू द्यायचे, पुढच्या ओळीत ते येतातच. दोरे विषम असले, समजा सात, तर प्रत्येक ओळीत तीनच गाठी, एका ओळीत उजवं टोक मोकळं आणि पुढच्या ओळीत डावं.

आणि तुम्ही जे पाठ केलंय ते या चित्राशी अजिबात भांडत नाही. कँडी स्ट्राइपचं चित्र उघडा आणि डावीकडच्या वरच्या गोलापासून तिरपं खाली बोट फिरवा, तो तुमचा एकच दोरा आहे डावीकडून उजवीकडे निघालेला, फक्त चित्रात तो दर ओळीला एक गाठ पुढे जातो. चित्राप्रमाणे सुरुवात केली तर पट्टीची वरची कड सरळ येते, पाठ केलेल्या पद्धतीने केली तर तिरपी येते, तेवढाच फरक. ओळीने करा नाहीतर तिरपं करा, नियम एकच आहे, ज्या दोन दोऱ्यांची गाठ मारायची त्या दोघांच्या वरच्या गाठी आधी झालेल्या हव्यात.

प्रतिसाद

वरचं सगळं बरोबर आहे, मी रंग चुकण्याबद्दल आणि पिळाबद्दल लिहिते कारण मॅक्रमे, म्हणजे दोरीच्या गाठी मारून वस्तू करतात ते, करण्यात माझी बरीच वर्षं गेलीत. आमच्या वेळी घरोघरी मॅक्रमेची कुंड्या टांगायची शिंकाळी आणि भिंतीवरची घुबडं असायची, त्यात हीच गाठ डबल हाफ हिच म्हणून शिकवायचे, नुसती जाड दोरीवर. ग्वाटेमालात अशा गाठींचे रंगीत पट्टे करून विकतात आणि अमेरिकेत ऐंशीच्या दशकात शाळाकॉलेजातल्या मुलांनी ते मनगटावर घेतले, पण गाठ जुनीच आहे.

निळ्याने बांधतेस आणि पिवळी दिसते याचं कारण ताण. जो दोरा नुसता धरायचाय तो काठीसारखा ताठ राहायला हवा आणि बांधणाऱ्याने त्याच्याभोवती फिरायला हवं. उलट झालं, म्हणजे धरलेला सैल पडला आणि बांधणाराच ताणला गेला, की गाठ उलटते आणि बांधणारा सरळ होऊन दुसराच त्याच्याभोवती गुंडाळला जातो. रंग लगेच बदललेला दिसतो. तेव्हा उजव्या हाताने बांधत असशील तर डाव्या हाताची दोन बोटं खाली घेऊन धरलेला दोरा गाठ पूर्ण बसेपर्यंत सोडूच नकोस. लहान मुलांचे हात दमतात की ते तो आधी सोडतात, म्हणून भाचीला थोडं थोडं करू दे, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

पट्टी कशाला अडकवलीये त्यावरही खूप आहे. सेफ्टी पिनने उशीला नाहीतर जीन्सच्या गुडघ्याला टाच, किंवा परीक्षेचं क्लिपबोर्ड असतं त्याच्या चिमट्यात धर. टेबलाला चिकटपट्टी लावली तर ती ओढता ओढता निघते.

पिळाचं म्हणशील तर कँडी स्ट्राइपला तो येणारच, सगळ्या गाठी एकाच दिशेच्या म्हणून पट्टी त्या बाजूला वळते. डायमंडला दोन्ही बाजूंना गाठी असतात त्यामुळे ते बरंच सरळ राहतं. जे वळलंय त्यावर ओला रुमाल टाकून इस्त्री फिरव, सुती दोरा आहे, बसतो. त्याच्या आधी लाल किंवा गडद निळा दोरा असेल तर त्याचा छोटा तुकडा पांढऱ्या कापडावर ओला करून दाबून बघ, रंग सोडतो का ते. पूर्ण झालेल्या ब्रेसलेटला डाग पडला की फार जिवाला लागतं गं.

आणि सहा पदर सुटे करायचे नाहीत, आखाच वापरायचा. भरतकामाची सवय असेल तर हात आपोआप पदर काढायला जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! बाण कुठून निघाला आणि कुठे संपला हे भाचीला सांगितलं आणि तिने मला न विचारता पहिल्या तीन ओळी बरोबर घातल्या, मला इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवलं नाही. रंगही आता पक्के दिसतायत, धरलेला दोरा सोडायचा नाही एवढं पाळलं की झालं.

आता अडलंय ते असं की चित्र संपेपर्यंत केलं, पण शेवटी खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांचा क्रम सुरुवातीसारखा आला नाही. निळा-निळा-पांढरा असा हवा होता तिथे निळ्याच्या मध्ये पांढरा घुसलाय. गाठींचे रंग वरून बरोबर दिसतायत. मग परत पहिल्या ओळीपासून सुरू करू का तसंच?

आणि सखीचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद

क्रमाचं आधी. तसंच पुढे जाऊ नका. रंग बरोबर आणि क्रम चुकीचा म्हणजे जवळजवळ नक्की कुठेतरी वाकलेल्या बाणाच्या जागी सरळ बाणाची गाठ पडलीये, किंवा उलट. रंग दोन्हीत सारखाच दिसतो, फक्त जागा बदलल्या की नाही यात फरक असतो, म्हणून वरून बघून चूक सापडत नाही. चित्रात गोलांमधून खाली येणाऱ्या रंगीत रेघा असतात ना, त्या यासाठीच आहेत. खालून एकेक ओळ वर जात दोऱ्यांचा क्रम त्या रेघांशी जुळवा, जिथे जुळतो त्याच्या खालच्या ओळीत चूक आहे. पुढच्या वेळी दर ओळ झाली की क्रम बघायचा, मग फक्त एकच ओळ सोडवावी लागते. सोडवताना सुईचं बोथट टोक गाठीच्या मधल्या फेऱ्यात घालून सैल करा, टोकदार सुईने दोरा फाटतो.

प्रतिसाद

अक्षरांचं मी सांगते, मी मराठीत केलंय, आणि तुम्ही विचारलंत म्हणून खरंच बरं वाटलं कारण आपल्या लिपीत हे फार देखणं दिसतं.

अक्षरांच्या पद्धतीला अल्फा पॅटर्न म्हणतात, त्याचं चित्र बाणांचं नसतं, साध्या आलेखाच्या कागदासारखं चौकोनांचं असतं, क्रॉस स्टिचच्या नमुन्यासारखंच. एक चौकोन म्हणजे एक गाठ. यात एक दोरा चालता असतो, त्याला लीडर म्हणतात, तो पट्टीच्या पार्श्वभूमीच्या रंगाचा घ्या. बाकीचे सगळे अक्षरांच्या रंगाचे, ते उभे सरळ राहतात. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, असा लीडर येरझाऱ्या घालतो. डावीकडून उजवीकडे जाताना पार्श्वभूमीचा चौकोन आला की लीडरने उभ्या दोऱ्यावर फॉरवर्ड गाठ, अक्षराचा चौकोन आला की उभ्या दोऱ्याने लीडरवर बॅकवर्ड गाठ. दोन्हीत लीडर एक घर उजवीकडेच जातो. परतीच्या ओळीत याचं बरोबर उलट, लीडरची बॅकवर्ड आणि उभ्याची फॉरवर्ड.

आता देवनागरी. पट्टी आपण वरून खाली विणतो पण शब्द आडवा वाचायचा असतो, म्हणून आलेखावर शब्द आधी आडवा काढा आणि मग कागद असा फिरवा की शब्दाची सुरुवात वर येईल. फिरवल्यावर शिरोरेखा उजव्या हाताला आली पाहिजे. डावीकडे आली तर शब्द उलटा पडतो, हे गाठी सुरू करण्याआधी बघून घ्या.

सखीला बारा उभे दोरे घ्या आणि एक लीडर. उजवीकडून मोजत एक दोरा कड, दोन दोरे वेलांटीला, एक शिरोरेखेला, सात अक्षराच्या अंगाला, एक डावी कड. इंग्रजी अक्षरांना वर काही जागा लागत नाही म्हणून त्यांचे तयार नमुने आठ-नऊ दोऱ्यांतही बसतात, आपल्याकडे वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली, ती जागा धरूनच सुरुवात करावी लागते. खला जागा सढळ द्या, तो आखूड केला तर र आणि व वेगळे वाचले जातात.

आणि एक गोष्ट जी इंग्रजी नमुन्यांत कुणी सांगणार नाही. जो दोरा गाठ मारतो तो भराभर संपतो, ज्यावर गाठ पडते तो जवळजवळ संपतच नाही. बाकीचे उभे दोरे कधी गाठ मारतात, कधी नुसते धरले जातात, पण शिरोरेखेचा दोरा शब्द संपेपर्यंत प्रत्येक ओळीत गाठ मारत राहतो. म्हणून तो एक दोरा बाकीच्यांच्या दुप्पट लांब कापा. बाकीचे साधारण मीटरभर पुरतात, अँकरची लडी आठ मीटरची असते त्या हिशोबाने आणा. लीडर तर कापूच नका, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून ठेवा आणि सोडत जा. मध्येच संपला तर नवा दोरा पार्श्वभूमीच्या भागात कडेला सुरू करायचा आणि दोन्ही टोकं मागे सोडून शेवटी सुईने मागच्या गाठींखाली ओवायची.

धागाकर्ती

हे वाचून भाची आलेखाची वही घेऊन बसलीसुद्धा! शिरोरेखेचा दोरा लांब घ्यायचं आम्हाला कधीच सुचलं नसतं, खूप खूप धन्यवाद ताई. एकच शेवटचं विचारते, मैत्रिणीच्या मनगटाचं माप नाहीये आमच्याकडे, आणि तिला न सांगता पाठवायचंय. मग बंद कसे करायचे?

प्रतिसाद

गाठींचा भाग मनगटापेक्षा थोडा आखूडच ठेवा, भाचीच्या मनगटाला गुंडाळून दोन बोटं कमी पडेल इतका. सुरुवातीला सगळे दोरे एकत्र घेऊन गाठ मारण्याऐवजी निम्मे दोरे दुप्पट लांब कापून मधोमध दुमडा, दुमडीला छोटा फास होतो. तुमच्या सखीला सहा दोरे दुमडले की बारा झाले, त्यातला शिरोरेखेचा असमान दुमडा म्हणजे त्याचं एक टोक लांब राहील, आणि लीडर वेगळा जोडा. शेवटी उरलेल्या दोऱ्यांचे दोन भाग करून दोन वेण्या घाला, प्रत्येकीच्या टोकाला निरगाठ. बांधताना एक वेणी फासातून ओवून दुसरीशी सुरगाठ मारायची, मनगट बारीक असो की जाड, बसतं. वेण्या प्रत्येकी बोटभर जास्त लांब ठेवा, मुलींचे हात वाढतात.

धागाकर्ती

उद्या संध्याकाळी दोरे कापायला घेतोय. पिवळ्यावर निळी अक्षरं ठरलंय, निळ्याचा तुकडा आधी ओला करून बघणार. पहिलं अक्षर झालं की इथे कळवते.